काम कायम, कामगार तात्पुरता

६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने एक जीआर काढला. नऊ खासगी कंपन्यांमार्फत सरकारी कार्यालयांत कंत्राटी माणसे भरायची, असा तो निर्णय होता. अतिकुशल, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी माणसांची वर्गवारी त्यात केलेली होती. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली त्याविरोधात रस्त्यावर उतरली. आम्हीही त्या मोर्च्यांत होतो. आरक्षण संपवण्याचा हा मागचा दरवाजा आहे, असे आम्ही तेव्हा म्हणालो आणि आजही तेच म्हणतो. दीड महिन्यात, २० ऑक्टोबरला, हा निर्णय रद्द करत असल्याचे सरकारला जाहीर करावे लागले.

त्या लढ्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण मित्रहो, एक प्रश्न त्या दिवसापासून आम्हाला सोडत नाही. त्या मोर्च्यांत घोषणा देणाऱ्या पोरांपैकी कितीतरी जणांची आई पहाटे सहाला ठेकेदाराच्या हजेरीला उभी असते. बाप एखाद्या सोसायटीच्या गेटवर बारा तास वॉचमन असतो. भाऊ सरकारी दवाखान्यात कंत्राटी वॉर्डबॉय असतो. त्यांच्या कामाचा ठेका होऊन वीस-पंचवीस वर्षे झाली. त्यासाठी एवढा मोठा मोर्चा निघाला नाही. कंत्राटीकरण तहसीलदार-क्लार्कच्या खुर्चीपर्यंत पोहोचले तेव्हा समाज खडबडून जागा झाला. झाडूला ते केव्हाच लागले होते.

कंत्राटीकरणाची शिडी खालून वर चढत आली आहे. तिची पहिली पायरी आपल्याच वस्तीत होती. म्हणून वरच्या पायरीवरचा लढा जिंकायचा असेल तर खालच्या पायरीवरचा लढा हा आंबेडकरी चळवळीचा मुख्य लढा मानावा लागेल. तो 'युनियनवाल्यांचा विषय' म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. हेच सांगण्यासाठी हा लेख.

आधी ठेका म्हणजे नेमके काय, ते पाहू. शहरात कचरा वर्षाचे ३६५ दिवस होतो. दिवाळीला होतो, पावसाळ्यात होतो, लॉकडाऊनमध्येही होत होता. म्हणजे काम बारमाही आहे. जे काम बारमाही आहे त्याला माणूसही बारमाही हवा, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात असे बारमाही काम ठेक्यावर देण्यास सरकारने बंदी घालावी, अशी तरतूद होती. मग पळवाटा निघाल्या. कायदा वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठेकेदाराला लागू होता, म्हणून कामाचे तुकडे पाडा आणि वीसच्या आत राहा. कामगाराला कामगार म्हणू नका, 'स्वयंसेवक' म्हणा. पगाराला पगार म्हणू नका, 'मानधन' म्हणा. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांच्या सफाईसाठी आणलेल्या दत्तक वस्ती योजनेत हेच झाले. पोटासाठी गटार उपसणारा माणूस कागदावर समाजसेवक ठरला. समाजसेवकाला किमान वेतन लागू होत नाही, पीएफ लागत नाही, हक्काची रजा नसते. आपल्या माणसाला इतका मान व्यवस्थेने एरवी कधी दिला नव्हता. इथे मात्र पैसे वाचवण्यासाठी लगेच दिला!

पुढे महाराष्ट्राने वीसची मर्यादा पन्नासवर नेली. आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही पन्नासचीच मर्यादा आहे. ही संहिता म्हणते की आस्थापनेच्या मुख्य कामासाठी, म्हणजे 'कोअर ॲक्टिव्हिटी'साठी, कंत्राटी कामगार लावता येणार नाहीत. ऐकायला छान वाटते. पण कोणती कामे मुख्य मानायची नाहीत, याची यादीही तिथेच दिली आहे. त्या यादीत पहिल्या क्रमांकावर काय आहे? साफसफाई, झाडलोट, कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट. त्याखाली पहारेकरी, कँटीन, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, हाऊसकीपिंग. ही यादी वाचून पाहा. तिच्यात एकाही जातीचे नाव नाही. तरीही ही कामे कोण करते, हे भारतातल्या कुणालाही विचारावे लागत नाही.

या यादीला एक अट जोडलेली आहे, ती आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावी. आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तरच ते काम 'मुख्य नाही' असे धरायचे आहे. मग महानगरपालिका कशासाठी स्थापन झाली? १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात रस्त्यांची सफाई आणि घाण हलवणे ही पालिकेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून लिहिलेली आहेत. ज्या संस्थेचे अस्तित्वच शहर स्वच्छ ठेवण्यासाठी आहे, तिचे सफाई हे मुख्य काम नाही, असे कुणी कोर्टात म्हणणार असेल तर आपल्या वकील पोरांनी उभे राहून त्याला उत्तर द्यायला हवे. नव्या संहितांना विरोध करायचाच आहे. पण विरोध करता करता त्यांच्यातली हत्यारेही हातात घ्यायला हवीत.

आता कागद सोडून वस्तीत येऊ. आमच्या वाचन मंडळात आम्ही गेल्या काही काळापासून रविवारी विहारात बसून सफाई कामगारांच्या पगारपावत्या वाचतो. आमच्या घरांतलीच माणसे आहेत ती, कुणाची मावशी, कुणाचा काका. काय दिसते? अनेकांना पावतीच मिळत नाही. ज्यांना मिळते त्यांच्या पावतीवर महिन्याचे सव्वीस दिवस भरलेले असतात आणि पैसे बावीस दिवसांचे असतात. पीएफ कापल्याचे लिहिलेले असते. मोबाईलवर पासबुक उघडले की सहा-सहा महिने एक रुपया जमा झालेला नसतो. कायद्याने कामगाराचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के जमा व्हायला हवेत. इथे ठेकेदार स्वतःचा वाटा भरत नाहीच, वर कामगाराचा कापलेलाही खिशात घालतो. ईएसआयचे कार्ड नाही, म्हणून हात कापला तर टिटॅनसचे इंजेक्शनही पदरच्या पैशाने.

सगळ्यात निर्लज्ज प्रकार एटीएमचा. पगार बँकेत जमा करण्याची सक्ती आली तेव्हा आम्हाला वाटले, आता चोरी थांबेल. चोरी थांबली नाही. तिने फक्त जागा बदलली. पगार खात्यात पूर्ण जमा होतो, त्याच दिवशी ठेकेदाराचा माणूस फिरतो आणि ठरलेली रक्कम रोख परत घेतो. काही जणींची एटीएम कार्डेच मुकादमाकडे असतात. ऑडिटला सगळे कागद बिनचूक असतात.

एका मावशींनी अकरा वर्षे एकच रस्ता झाडला. रस्ता तोच, मुकादम तोच. ठेकेदार मात्र चार बदलले. दर वेळी नवा ठेकेदार आला की त्यांची नोकरी कागदावर नव्याने सुरू झाली. सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. त्यांची पाच वर्षे एकाही ठेकेदाराकडे भरली नाहीत. गुडघे गेले, काम सुटले, हातात काही आले नाही. आम्ही कागद तपासत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरांनो, अकरा वर्षांत रस्त्याचं दोनदा डांबरीकरण झालं. माझं काय झालं?" याचे उत्तर कुठल्याही कार्यालयाकडे नाही, कारण त्या कुणाच्याच नोकर नव्हत्या. पालिका म्हणते, त्या ठेकेदाराच्या. ठेकेदार म्हणतो, माझा ठेका संपला.

ही केवळ गरिबी नाही. गरीब माणूस कुठल्याही जातीचा असू शकतो. पण केंद्र सरकारच्या 'नमस्ते' योजनेत गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या ३८ हजार कामगारांची जी नोंद २०२४ पर्यंत झाली, त्यांत जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. अनुसूचित जमाती आणि ओबीसी धरले तर आकडा ९२ टक्क्यांच्या आसपास जातो. हे लक्षात घ्या. कायम नोकरीला बिंदुनामावली असते, तिथे आपले १३ टक्के भरतानाही 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असे शेरे पडतात. ठेक्याला बिंदुनामावली नसते. तरी गटारात उतरायला आपलीच माणसे कशी बिनचूक मिळतात? वरच्या जागेचा ठेका झाला की आरक्षण जाते. खालच्या जागेचा ठेका झाला की भरती जात करते. एकाच ठेका पद्धतीची ही दोन तोंडे आहेत. २०२३ मध्ये आपण एका तोंडाशी लढलो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ होई. मालकाचा नफा आणि मजुराचा विटाळ यांचे तिथे बरोबर जमले होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा १९३६ मधला सिद्धान्त आपण भाषणात सांगतो. तो गिरणीतल्या पगाराच्या खिडकीशी पडताळून पाहिलेला सिद्धान्त होता, हे सांगायचे राहून जाते.

त्याच १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात 'मजूर' हा शब्द होता, जातीचा उल्लेख नव्हता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की या देशातल्या कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांनी कम्युनिस्टांच्या सोबतीने मुंबईत संप घडवला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांच्याच खात्याच्या विधेयकाने कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आणि ११ एप्रिल १९४६ रोजी, फुले जयंतीच्या दिवशी, किमान वेतनाचे विधेयक केंद्रीय विधिमंडळात मांडणारे मजूरमंत्री बाबासाहेबच होते. १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला.

संविधानातही हे उतरले. समान कामाला समान वेतन कलम ३९ मध्ये आहे. कामगाराला जगण्यापुरते नव्हे तर माणसासारखे जगता येईल असे निर्वाह वेतन मिळावे, हे कलम ४३ मध्ये आहे. १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही कलम २३ खाली वेठबिगारी आहे. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही तेच काम केल्यास समान वेतन द्यावे, असा निकाल दिला. म्हणजे आपण जे मागतो आहोत ती भीक नाही आणि नवी मागणीही नाही. महारकी-वतनाची वेठ आपण सोडली. एटीएमपाशी उभी असलेली वेठ अजून सोडायची आहे.

इथे चळवळीतले काही मित्र आम्हाला एक प्रश्न विचारतात आणि तो हलका नाही. ते म्हणतात, "सफाईची नोकरी कायम करा म्हणजे आपल्या पोरांना पिढ्यान्‌पिढ्या झाडूलाच बांधा. बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडा म्हणून सांगितले होते." बरोबर आहे. ती कामे सोडायचीच आहेत. पण सोडणार कशाच्या बळावर? आपल्यातल्या पहिल्या पिढीचे कितीतरी शिक्षक, इंजिनिअर, वकील कुणाच्या पगारावर शिकले ते एकदा घरोघर विचारा. पालिकेत, रेल्वेत, गोदीत कायम असलेल्या बापाच्या पगारावर शिकले. त्या पगारात वेळेवर फी भरता आली, पीएफमधून उचल घेऊन होस्टेलचा खर्च भागला, आजारपणात सावकाराकडे जावे लागले नाही. कायम पगाराच्या घरातून पोरगा बाहेर पडला. ठेक्याच्या घरात मात्र आई आजारी पडली की दुसऱ्या दिवशी तिच्या जागी मुलीला उभे राहावे लागते, नाहीतर हजेरी जाते. तिची बारावी तिथेच थांबते. झाडूला बांधण्याचे काम ठेकाच करतो. चांगला पगार, यंत्रे, हातमोजे-गमबूट आणि माणूस गटारात न उतरवणे, या सगळ्यामुळे हे काम एकाच जातीचे राहणार नाही. जिथे पैसा आणि इज्जत असते तिथे सगळे रांग लावतात, हा आपला अनुभव आहे.

दुसरा आक्षेप येतो तो 'पैसा कुठून आणणार' हा. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचे, मुंबईचे, २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर आहे. लहान पालिकांची तिजोरी एवढी मोठी नाही, हे खरे. पण ठेक्यातही पैसा जातोच. मजुरी जाते, त्यावर ठेकेदाराचा नफा जातो, आणि मजुरीतून परत घेतलेल्या रकमेचे वाटेकरी वेगळे. तेवढा पैसा मधल्या हातांत न जाता झाडणाऱ्याच्या हातात गेला तर पालिका बुडणार नाही. आणि गरिबीचे सोंग आणणाऱ्यांनी हेही पाहावे की केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये देशासाठी दिवसाला किमान ३७५ रुपये वेतनाची शिफारस केली, तेव्हा सरकारचा आकडा १७६ रुपये होता. हे १७६ रुपये २०१७ साली ठरले आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिले. एवढ्या पैशांत एका कुटुंबाने दिवस कसा काढायचा, हे ते ठरवणाऱ्यांनी एक महिना करून दाखवावे.

तिसरा आक्षेप कोर्टाचा. "केस लढून काय होणार, आयुष्य जाते." मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाकडे पाहा. महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी हा संघ वर्षानुवर्षे लढला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने त्यांना कायम करण्याचा आदेश दिला. पालिका वर गेली. ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल कायम केला. ठेका हा केवळ देखावा आहे, खरी मालक पालिकाच आहे, हे सिद्ध झाले. हो, आयुष्य गेले, काही कामगार निकाल पाहायला उरले नाहीत. निकालानंतरही नावाच्या स्पेलिंगमधल्या फरकापायी अनेकांची नेमणूक अडली. पण ठेका मोडता येतो, हे त्या लढ्याने दाखवले. आणि केस उभी राहते ती कागदांवर, हा त्यातला दुसरा धडा. कागदांचे काम तर आपली शिकलेली पोरे करू शकतात!

म्हणून आमचे आवाहन साधे आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत आठवड्यातून दोन तास पगारपावतीचे टेबल मांडा. यूएएन नंबर काढून पीएफचे पासबुक उघडून द्या. आधार, बँक, हजेरी आणि पीएफ या चारही ठिकाणी नाव एकसारखे आहे का ते पाहा. आज दुरुस्त केलेले एक अक्षर दहा वर्षांनी एक नोकरी वाचवेल. हजेरीपटाचे, ओळखपत्राचे, गणवेशातले फोटो तारखेसह जपून ठेवायला सांगा. माहितीच्या अधिकारात पालिकेकडे ठेक्याचा करारनामा, मंजूर कामगारसंख्या, किमान वेतनाचा दर आणि पीएफची चलने मागा. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे पालिकेची असते, हे जुन्या कायद्यात होते आणि नव्या संहितेतही आहे. हे वाक्य प्रत्येक मावशीला पाठ असले पाहिजे. तक्रार एकट्याने करू नका, एकट्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढतात. पन्नास सह्यांचा अर्ज न्या. जिथे प्रामाणिक युनियन आहे तिथे तिच्यासोबत जा, मग तिचा झेंडा कुठल्याही रंगाचा असो; मनमाडचे भाषण करणारा माणूस त्याच वर्षी लाल झेंड्यासोबत संपात उतरला होता.

आणि १४ एप्रिलला मिरवणूक जरूर काढा. पण व्यासपीठाच्या बाजूला एक फलकही लावा: आपल्या शहरात सफाई कामगाराचे कायद्याने ठरलेले वेतन किती आणि प्रत्यक्ष हातात किती. दोन आकडे, बाकी काही नको. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावले होते की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा विसंगत जीवनक्रम आपण सुरू करतो आहोत. ही विसंगती लवकर दूर झाली नाही तर विषमतेने पोळलेले लोक लोकशाहीचा हा डोलारा उधळून लावतील. त्या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच ती विसंगती. वाचता येणाऱ्या प्रत्येकाला ती जयंतीच्या दिवशी दिसली पाहिजे. बक्षीस वाटायला येणाऱ्या नगरसेवकाला तर आधी दिसली पाहिजे.

जय भीम!